एकशे नव्वदच्या जागी एकशे चाळीस

मी पलटणीत नर्सिंग असिस्टंट होतो. पट्ट्या बांधायच्या, गोळ्या द्यायच्या आणि वार्षिक मेडिकलला जवानांचं ब्लडप्रेशर मोजून तक्त्यात लिहायचं, हे माझं काम. महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली होती आणि आमची पलटण उत्तरेला, बर्फात होती. नाईक संपत आमच्याच मोताळा तालुक्यातला, धामणगाव बढ्याचा. मी मोताळ्याचा. भाऊबंदकी सोडली तर बाकी सगळं आमचं भावांसारखं होतं.

संपत तीन नंबरच्या चौकीचा सेक्शन कमांडर. आदल्या वर्षी त्याच्या एका पहारेकऱ्याचा डोळा लागला आणि त्यात एक जवान गेला. तेव्हापासून संपतची झोपच उडाली. तीन तास झोपला तरी पुष्कळ. बाकी वेळ चहा, विडीवर विडी आणि घरून आलेला ठेचा, त्यावर आणखी वरून मीठ. पहाटे साडेचारला स्टँड-टू, म्हणजे सगळ्यांनी हत्यारासह मोर्चात उभं राहायचं. वायरलेसवर पहिला आवाज त्याचाच यायचा. "चौकी तीन, सब ठीक, ओव्हर." डोकं ठणकतं हे तो फक्त मला सांगायचा.

मेडिकलच्या दिवशी सकाळी सात वाजता मी त्याच्या दंडाला पट्टा बांधला. पारा एकशे नव्वदवर. जवानांची यावर एक युक्ती होती. मेडिकलच्या खोलीतल्या खाटेवर तासभर गुपचूप पडून राहायचं आणि पुन्हा मोजून घ्यायचं. संपत पडून राहिला. आठ वाजता एकशे ऐंशी. खरा आकडा लिहिला असता तर त्याची ए कॅटेगरी, म्हणजे पूर्ण तंदुरुस्तीचा शेरा, गेली असती आणि तिच्याबरोबर हवालदारीची बढतीही.

"गजा, एकशे चाळीस लिहून टाक," तो म्हणाला. "मले काई होत नाई."

मी त्याला मीठ, विडी, झोप असं सगळं ऐकवलं. त्यानं हसून विडी पेटवली. "मेलेलं कोंबडं आगीले भेत नाई, गड्या."

भीड ही भिकेची बहीण म्हणतात. मी एकशे चाळीस लिहिलं. आरएमओ साहेब, म्हणजे पलटणीचे डॉक्टर, फक्त संशयाचे आकडे स्वतः तपासायचे. माझ्या आकड्यावर त्यांना संशय आला नाही. सुट्टीवर घरी गेला की प्रेशर उतरेल, अशी मी माझी समजूत घातली.

दीड वर्षानं आम्ही दोघं एकदमच सुट्टीवर आलो. तोवर संपत हवालदार झाला होता. घरी ना बर्फ होता ना दुश्मन, पण त्याचं स्टँड-टू काही सुटलं नव्हतं. पहाटे साडेचारला उठून तो पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या शेताला धुऱ्या-धुऱ्यानं, बांधावरून फेरी मारायचा. मग चहा, मग विडी. जेवायलासुद्धा भिंतीला पाठ लावून बसायचा. त्याची बायको शांतावहिनी मला म्हणाली होती की माणूस घरी आला, पण पहाऱ्यावरून काही उतरला नाही. मी संपतला बुलढाण्याच्या डॉक्टरकडे चल म्हटलं. सुट्टी संपू दे, म्हणाला.

सुट्टी संपली नाही, रद्द झाली. सरहद्दीवर लढाई पेटली होती. सकाळी नऊ वाजता माझी तार आली आणि मी सायकलनं धामणगाव गाठलं. संपतलाही तार आली होती. ट्रंक भरून तयार होती. साडेबाराची एसटी आणि मलकापूरहून चारची गाडी, असा बेत ठरला.

बारा वीसला तो एसटीच्या थांब्यावर बुटाची लेस बांधायला वाकला. लेस बांधली जाईना. डावा हात नुसताच लोंबत होता. त्यानं उजव्या हातानं तो उचलून गुडघ्यावर ठेवला. तो घसरून खाली पडला.

एवढ्यात समोर एसटी येऊन थांबली.

"लेस तू बांध," संपत म्हणाला. जीभ जड झाली होती. "अन् गाडीत बसव. पलटण वाट पाहून राह्यली."

मी त्याला मागच्या सीटवर आडवा केला. त्याला वाटलं आपण स्टेशनला निघालो. मी ड्रायव्हरला दवाखाना सांगितला आणि मध्ये कुठं थांबू नका म्हटलं. निरोप द्यायला आलेली शांतावहिनीही चढली आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. सबंध रस्ताभर मी त्याची नाडी धरून होतो. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं, आणि हे मला बसमधल्या इतर कुणाहीपेक्षा चांगलं माहीत होतं.

दीड वाजता मलकापूरच्या डॉक्टरांनी विचारलं, "याआधी प्रेशर वाढलं होतं कधी?"

संपतनं चांगल्या हातानं माझं मनगट पकडलं. पकड शिपायाची होती. सांगू नको, असं त्याचे डोळे म्हणत होते. त्याला अजूनही चारची गाडी पकडायची होती.

"एकशे नव्वद होतं," मी म्हणालो. "दीड वर्षापूर्वी. मी एकशे चाळीस लिहिलं."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं आणि ते कामाला लागले. संपतची पकड सुटली. तो माझ्यावर रागावला होता की थकला होता, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. चारची गाडी शिट्टी देऊन गेली, ती आम्ही दवाखान्यातून ऐकली. पाच वीसला संपत गेला.

व्हरांड्यात शांतावहिनी जमिनीवर बसली होती. ती रडत नव्हती.

"भाऊजी, तुमी तं पलटणीत हेच काम करता. तुमाले नाई समजलं?"

नाही म्हणणं सोपं होतं.

"समजलं होतं, वहिनी."

तिनं पदर तोंडाला लावला आणि भिंतीकडे वळली.

मी दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं निघालो. पलटणीत पोचताच आरएमओ साहेबांना सगळं सांगितलं. माझ्या बाहीवरची हुद्द्याची एक पट्टी गेली. कमीच गेली. त्या लढाईत आमच्या पलटणीचे चार जण पडले.

आता मी मोताळ्यात असतो. आठवडी बाजाराच्या दिवशी ओट्यावर प्रेशरचं मशीन घेऊन बसतो. रोजच्या मिठाचा, विडीचा आणि जागरणाचा हिशेब अंगात कुठंतरी मांडला जातो, तो पारा दाखवतो. लोक म्हणतात, थोडं कमी लिहा हो, घरचे घाबरतात. मी त्यांना पाच मिनिटं बसवतो, पाणी देतो आणि पारा जिथं थांबतो तेच लिहितो. कुणी रागावून उठून गेलं तर जाऊ देतो. शांतावहिनी कधी येत नाही. तिनं यावं असं मला फार वाटतं.

दरवर्षी पलटणीच्या शहीद दिनाला जातो. त्या लढाईच्या दगडावरची चार नावं वाचली जातात. आम्ही सावधान उभे असतो. चौथं नाव झालं की पाचवं मी मनात म्हणतो. हवालदार संपत, धामणगाव बढे. आणि पुढं आकडा म्हणतो. एकशे नव्वद.