ग्रहणाच्या फोटोतले तात्या

रविवारी सणसरला तात्यांचा तेरावा झाला. तात्या म्हणजे माझे चुलते. बारामतीला परत आल्यापासून हे लिहू की नको, असं चाललंय...

दीड-दोन महिन्यांपूर्वी चंद्रग्रहण होतं. चंद्र उगवणारच होता ग्रहण लागलेला. उसावर तसा चंद्र मिळावा म्हणून मी एमआयडीसीतून हाफ डे टाकून सणसर गाठलं आणि तात्यांच्या बांधावर ट्रायपॉड लावला. खूळ, दुसरं काय.

काकी म्हणत होती, ग्रहणात रानात जाऊ नका. तात्या म्हणाले, "लाईट काय गिराण बघून येती व्हय?" आणि खोरं घेऊन उसाला पाणी द्यायला गेले.

नेमका चंद्र वर आला आणि तात्या फ्रेममध्ये. कॅमेरा दिसताच शर्टाची बटणं लावून ताठ उभे राहिले... त्यांना वाटलं, मी त्यांचाच फोटो काढतोय. मी क्लिक करत राहिलो, म्हटलं एडिटिंगमध्ये बघू.

घरी लॅपटॉपवर चंद्राचा तांबूस रंग खुलवला, नॉईज काढला, तात्यांवरून ब्रश फिरवला. दोन सेकंदांत त्यांच्या जागी ऊस आला. फोटो इथं पोस्ट केला आणि मूळ फाईल्स डिलीट केल्या, कॅमेऱ्याचं कार्ड एका लग्नाच्या शूटसाठी रिकामं हवं होतं.

फोटो पाठव म्हणून तात्यांचा दोनदा फोन आला. दोन्ही वेळा "पाठवतो" म्हणून वेळ मारून नेली. डेअरीवर दूध घालायला गेले की ते सगळ्यांना सांगायचे, पुतण्यानं चंद्रासोबत माझा फोटो काढलाय. मग एका सकाळी हार्ट अटॅकनं गेले.

तेराव्याचे पाहुणे पांगल्यावर काकी जवळ येऊन बसली. "ह्यांचा त्यो चंद्रासंगचा फोटू दाव की रं. लई कौतुक हुतं त्यांना."

कार्ड खराब झालं, असं म्हणता आलं असतं. नाही जमलं. सगळं सांगून टाकलं आणि रडू फुटलं.

काकी रागावली नाही, त्याचंच जास्त लागलं. माझा मोबाईल घेऊन तो उसाचा फोटो बघत राहिली. मग म्हणाली, "कुठं उभं हुतं, तेवढं बोटानं दाव."

मी दाखवलं. तिनं तिथं बोट टेकवलं, तसा फोटो सरकला. मी तो परत जागेवर आणून दिला...

तुम्ही सगळ्यांनी त्या फोटोचं भरभरून कौतुक केलंत, म्हणून हे इथंच सांगतोय. चंद्राच्या डाव्या अंगाला जो दाट ऊस दिसतो ना, तिथं माझे तात्या उभे होते. मीच त्यांना काढून टाकलं.