माझं नाक परत आलं तेव्हा

चिरूट सोडून मला महिना झाला नव्हता, तोच मी सख्ख्या भावाचं लग्न मोडायला निघालो.

त्या काळी आम्ही गिरगावात तिसऱ्या मजल्यावर राहायचो. कचेरीतून येताना मी प्रत्येक मजल्यावर थांबून इतका खोकायचो, की तो खोकला ऐकूनच ही वर पानं मांडायला घ्यायची. शेवटी वैद्यबुवांनी दम भरला.

"चिरूट सोडा! तलफ आली की लवंग चघळा, भांडंभर पाणी प्या, चार येरझाऱ्या घाला. तलफ काही मुक्कामाला येत नाही, जाते आपली."

डबी मी हिच्या स्वाधीन केली. पहिले आठ दिवस लवंगा चघळल्या, पाणी प्यालो आणि घरातल्या सगळ्यांवर ओरडलो. (माझा धाकटा भाऊ दिनू त्या आठवड्यात जेवायलासुद्धा मित्राकडे जायचा!) मग खोकला बसला. तिन्ही जिने एका दमात चढू लागलो. आणि पंधरा वर्षांनी माझं नाक परत आलं! आमटीत हिंग असतो, हे मला नव्यानं कळलं. बरं, कळलं तर गप्प बसावं!

"अहो, शेजारच्यांच्या सुरमईला वास येतोय हे त्यांना जाऊन कशाला सांगितलंत?" ही कपाळाला हात लावून म्हणाली.

अशातच प्रभादेवीचे तात्यासाहेब दिनूला पाहायला आले. घर तोलामोलाचं, मुलगी गुणी. आईनं या सोयरिकीसाठी सिद्धिविनायकाला नवस केला होता. तात्यासाहेबांची अट एकच, मुलगा निर्व्यसनी हवा.

पाहुण्यांचा मान म्हणून मी कचेरीची पगडी चढवली आणि दिनूशेजारी बसलो. बसतो तो काय, तंबाखूचा वास! दिनूकडे झुकलो तर वास वाढला. (माझ्याबरोबर पगडीही झुकली होती, हे ध्यानात आलं नाही.)

"दिन्या, चिरूट ओढलास?"

"नाही, दादा!"

"खोटं बोलतोस? माझं नाक आता फसायचं नाही!"

हे जरा हळू बोलायला हवं होतं. तात्यासाहेबांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. आतून आईचं "देवा गजानना!" ऐकू आलं. दिनूचे डोळे भरले, पण तो उलट शब्द बोलला नाही.

तात्यासाहेब उठले. दिनूला हुंगलं. मग मला हुंगलं. मग पुन्हा मला.

"भाऊराव, जरा पगडी काढता?"

पाहुण्यांसमोर बोडका झालो. पगडीच्या घडीतून अर्धा चिरूट निसटला, तो थेट पोह्यांत! कचेरीत साहेब आला की विझवून तिथेच खोचायची माझी जुनी सवय. (तिथे सगळेच धूर काढत, कुणाचा वास कुणाला कळणार? आणि पगडी काही कोणी धूत नाही.)

"सोडलाय हो! महिना होत आला!" मी म्हणालो.

"दिसतंय," तात्यासाहेब म्हणाले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ते दिनूकडे वळले. "थोरल्यानं भलता आळ घेतला, तरी पोरगा उलटला नाही. मुलगी दिली!"

लग्नात मी नवी पगडी घातली. जुनी हिनं वास जाईपर्यंत म्हणून गॅलरीत खुंटीला टांगली. त्याला आता किती वर्षं झाली! चिरुटाला मी शिवलेलो नाही. कसा सोडलात म्हणून कोणी विचारलं, की वैद्यबुवांच्या लवंगा सांगतो. फक्त तलफ फारच आली, तर गॅलरीत जाऊन पगडीत नाक खुपसून घटकाभर उभा राहतो.

"अहो, गेला का वास?" ही आतून विचारते.

"नाही अजून," मी पगडीतूनच सांगतो. "राहू दे आणखी चार दिवस!"