नदीच्या कडेनं माहेरी

मी आयुष्यात एकदाच नवऱ्याच्या शेजारी मोटारीत बसून प्रवास केला, आणि तो मला माहेरी टाकून येण्यासाठी निघालेला प्रवास होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला उगाच आशा नको. मला होती. सगळं माहीत असून मी गाडीत बसले होते, तरी माझ्या माहेरची, वराळ्याची झाडं दिसेपर्यंत वाटत होतं, हा माणूस गाडी वळवील.

ते लोणावळ्यात एका जर्मन साहेबाच्या गाडीवर ड्रायव्हर होते. नवऱ्याला ‘ते’ म्हणायची सवय अजून जात नाही. राग गेला नाही आणि सवयही गेली नाही; एका घरात दोन सवती नांदाव्यात तशी ती दोन्ही माझ्यात नांदतात. साहेब कुठल्याशा कारखान्यात यंत्रं बसवायला आला होता. तुंगार्लीच्या बाजूला त्याचा बंगला, बंगल्यामागं एक खोली, त्या खोलीत आम्ही दोघं. मी मडमच्या हाताखाली वरकाम करायची. साठीच्या दशकातली ही गोष्ट.

दुपारी काम आवरलं की मडम कधीकधी मला व्हरांड्यात बोलवायची आणि फोटोंचं एक जाड पुस्तक काढायची. लग्न झाल्यावर ती आणि साहेब त्यांच्याकडच्या ऱ्हाइन नदीच्या कडेकडेनं मोटारीनं हिंडले होते, नदी डोंगरात उगवते तिथपासून पार समुद्रापर्यंत. पहिल्या फोटोत नदी एवढीशी, की मडम दोन्ही काठांवर दोन पाय ठेवून उभी. मग पानागणिक नदी रुंद होत जायची. किल्ले, पूल, मोठाल्या बोटी. शेवटी समुद्र आणि मडमचे वाऱ्यानं उडालेले केस. मडम बोलायची, ते आपल्या ड्रायव्हरकीच्या इंग्रजीवर जमेल तेवढं ऐकायचे आणि मला सांगायचे, “हितं गाडी बंद पडली म्हनं. मंग साहेब रुसून बसला.” आम्ही तिघंही हसायचो. साहेब रुसतो हे मला फार आवडायचं.

रात्री खोलीत ते म्हणायचे, “आपून बी जाऊ की एकदा. आपली इंद्रायणी काय कमी हाय व्हय? हितं कुरवंड्याला उगवती, आन् जाती कुटनं? तुज्या माहेरावरनंच.”

“मोटार कोन देनार तुमाला?”

“साहेबाला मागीन.”

हे असं खूप दिवस चाललं. मागितली कधी नाही. पण ऐकायला बरं वाटायचं, आणि मीही दर वेळी नव्यानं विचारायची, कुठं थांबायचं, काय खायचं.

लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. देव झाले, अंगारे झाले, पुण्याचा डॉक्टर झाला. डॉक्टर म्हणाला, मालकांना पण तपासायला घेऊन या. मालकांना वेळ नव्हता. त्या शिमग्याला आम्ही सासरी वडिवळ्याला गेलो, तर घरात पाहुणे बसलेले. मी चुलीपाशी पोळ्या लाटत होते. मधे नुसता कुडाचा आडोसा, सगळं ऐकू येत होतं. पाहुणे मुलीकडचे होते. त्यांचं एकच म्हणणं होतं: पहिली घरात असेल तर आमची पोरगी द्यायची नाही. सासूबाई म्हणाल्या, “तिला माहेराला धाडू. माजा ल्योक माज्या शबुदाबाहीर न्हाई.” मी लेकाचा शब्द ऐकू येतो का म्हणून लाटणं थांबवलं. तो काही बोलला नाही. तीथसुद्धा ठरली. दुसरं लग्न करायला कायद्यानं बंदी आली होती म्हणे. कायदा वडिवळ्यापर्यंत पोचायचा होता.

लोणावळ्याला परत आल्यावर ते माझ्या नजरेला नजर देईनात. चैत्र लागला आणि एका संध्याकाळी म्हणाले, “साहेबाची गाडी मागितलीया. मडमवानी नदीच्या कडंकडंनं जाऊ. थोडं दिस माहेरला ऱ्हाऊन ये.”

मी ट्रंक भरायला घेतली. ते दाराशी उभे राहून बघत होते. मग म्हणाले, “गोधडी बी घे. तितं थंडी पडती.”

“कवा?”

“पडती की, थंडीत.”

अंगाची लाही होत होती त्या दिवसांत. मी गोधडी घडी करून ट्रंकेत ठेवली. त्यांना वाटलं, हिला कळलं नाही. त्यांना तसं वाटू दिलं. मी बोलले असते तर तिथंच सगळं संपलं असतं, आणि मला तो प्रवास हवा होता. दिवसभर शेजारी बसले तर माणूस विरघळेल, असं मी मनात धरून चालले होते.

सकाळी मडमनं थर्मासमध्ये कॉफी भरून दिली, लोणी लावलेल्या पावाच्या चकत्या दिल्या आणि माझ्या गालाचा मुका घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला वाटत होतं, तिचंच पाहून हे नवराबायको निघालेत. ते गाडीची काच पुसत होते. स्वच्छ होती तरी पुसत होते.

कुरवंड्याला गाडी लांब ठेवून चालत गेलो. चैत्रात तिथं नदी नव्हतीच, नुसती ओल होती, दगडांमधून पाझरणारी. पलीकडं कडा तुटलेला आणि खाली कोकण. इतका जवळ समुद्र असून आपली नदी त्याच्याकडं पाठ करून उलटी पूर्वेला का जाते, असं मी विचारलं. ते म्हणाले, “उतार तिकडं हाय म्हून.” मी लुगडं जरा वर धरलं आणि त्या ओलीच्या दोन बाजूंना दोन पाय ठेवून उभी राहिले. ते खळखळून हसले. शिमग्यानंतर पहिल्यांदाच हसले. “फोटू पायजे हुता,” म्हणाले. मला वाटलं, झालं, विरघळला.

मग लोणावळ्यातून खाली उतरलो. नदी कधी रस्त्याशेजारी यायची, कधी शेतांमागं जायची. ती दिसेनाशी झाली की ते गाडी हळू करायचे, मी मान बाहेर काढून शोधायची. कार्ल्याच्या फाट्यापुढं एका डोहाशी थांबून कॉफी प्यायलो. कडू जहर होती. ते म्हणाले, साहेबलोक रोज पितात, तर आपण एक दिवस प्यायला काय झालं. मी तोंड वाकडं करून प्यायले आणि ते माझ्या तोंडाकडं बघून हसत राहिले. त्या डोहाशी आमचं काहीही बिनसलेलं नव्हतं. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, काय जोडा आहे.

मग कामशेत आलं. तिथून वडिवळ्याचा रस्ता डाव्या हाताला फुटतो. गाडी डावीकडं वळली तर मी सासरी, सरळ गेली तर माहेरी. फाट्याच्या अलीकडंच त्यांनी गाडी थांबवली आणि म्हणाले, “चल, बांगड्या भर.” बाजारात एक म्हातारी कासारीण बसली होती. मी हात पुढं केला. हिरव्या बांगड्या चढवताना ती माझा हात दाबत म्हणाली, “मोटारीतनं आलीस, नशिबाची हाईस. फुडल्या खेपंला पोरगं घिऊन ये, त्येला मनगट्या देती.” त्यांनी मान फिरवली. मी म्हटलं, “आनते की मावशी.” त्या क्षणी मला त्यांचा जो संताप आला तो आजपर्यंत कुणाचा आला नाही. टाकायला नेताय तर नुसती टाका. बांगड्या कशाला भरता?

गाडीत बसलो. त्यांनी गाडी सुरू केली. फाटा आला. त्यांचा हात चाकावर थोडा थबकला, हे मी शपथेवर सांगते. पलीकडं तांदळाच्या गिरणीपाशी एक बैलगाडी आडवी होती. ती बाजूला झाली आणि आम्ही सरळ गेलो.

पुढं वडगाव आलं. मग त्यांनी हमरस्ता सोडून गाडी एका गाडीवाटेला घातली, नदी दिसावी म्हणून. ते वागणं मला अजून उलगडत नाही. मला सोडायचंच होतं तर रेल्वे होती, तळेगावला उतरवून दिली असती. पण त्यांनी नदीचा शब्द दिला होता आणि तो ते काटेकोर पाळत होते. सप्तपदीचा शब्द मोडताना हा एक शब्द पाळायची एवढी धडपड. चाक मातीत रुतलं तेव्हा मी खाली उतरून मागून गाडी ढकलली. मला माहेरी टाकायला निघालेली गाडी मीच ढकलली, हे आठवलं की आता हसू येतं, आणि मग दिवसभर काही सुचत नाही.

गाडी निघाली तेव्हा नदी चांगली रुंद दिसत होती. मी विचारलं, “ही फुडं कुटं जाती?”

“भीमेला मिळती.”

“आन् भीमा?”

“कृष्णेला. मंग समुद्राला. लय लांब.”

“मंग जाऊ की समुद्रावर. मडम गेलती तशी.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी काय मागते आहे ते त्यांना कळलं. वराळ्याला थांबू नका, एवढंच मी मागत होते. पुढं कुठंही न्या, भीमेवर न्या, भाकरी भाजीन, दगड फोडीन, पण तिथं थांबू नका. माझ्यानं याहून उघड बोलवत नव्हतं.

ते पेट्रोलच्या काट्याकडं बघत म्हणाले, “पेट्रोल पुरायचं न्हाई.”

वराळ्यात मोटार शिरली तसं गाव गोळा झालं. आई धावत आली, माझ्यावरून आणि त्यांच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. आबा, म्हणजे माझे वडील, गाडीच्या टपावरून हात फिरवत सगळ्यांना सांगत होते, जावई घेऊन आले, स्वतः चालवत आले. चुलत्यांच्या बायका माझ्या हिरव्या बांगड्या बघत होत्या. कुणाला काही ठाऊक नव्हतं. तिकडं मडमला वाटत होतं आम्ही हिंडायला गेलो, इकडं आईआबांना वाटत होतं लेक पाहुणी आली. खरं काय ते त्या गाडीत बसलेल्या आम्हा दोघांनाच माहीत होतं, आणि आम्ही दोघंही गुळपाणी घेत होतो.

आईनं घाईघाईनं पुरण घातलं. त्यांना पाटावर बसवून वाढलं. ते जेवले. आग्रह केला तेव्हा आणखी एक पोळी घेतली. त्या पोळीबद्दलसुद्धा माझ्या मनात राग आहे.

निघताना आईनं दाराआडून, डोक्यावर पदर घेऊन विचारलं, “पावनं, लेकीला न्यायाला कवा येनार?” आमच्याकडं हे विचारल्याशिवाय जावयाला उंबरा ओलांडू देत नाहीत. जावई दिवस सांगतो आणि त्या दिवशी येतो. त्यांना याचं उत्तर तयार करायचं सुचलं नव्हतं. ते गडबडले आणि म्हणाले, “आखितीला.”

आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांचं दुसरं लग्न होतं. वडिवळ्याला कुडाआडून मी तीच तीथ ऐकली होती. डोक्यात एकच दिवस होता, तोच तोंडातून निघाला. त्यांच्याही ते लक्षात आलं. त्यांचं तोंड पांढरं पडलं. माझ्याकडं न बघता “येतो” म्हणाले. मी “या” म्हणाले. आबा गाडीमागं चार पावलं चालत गेले.

मी कुणाला काही सांगितलं नाही. रोज सकाळी ठरवायची, आज सांगायचं. आणि आई आखितीसाठी कुरडया वाळत घालताना दिसली की गप्प बसायची. आबांनी जावयासाठी आंबे अढीत घातले होते. रोज एकदा गवत बाजूला सारून चाचपून बघायचे.

आखिती आली. आईनं रस काढला, पोळ्या केल्या. आबा दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन आले. जेवणं कुणाची झाली नाहीत. ऊन कललं तशी आई म्हणाली, “गाडी बिगडली आसंल.” थोड्या वेळानं म्हणाली, “साहेबानं सोडला नसंल.” मग आबा गोठ्याकडं गेले आणि माझ्यानं राहवलं नाही. मी म्हणाले, “आये, न्हाई यायाचे ते. आज त्यांचं लगीन लागलं. मला ठावं हुतं, आले तवापासनं ठावं हुतं.”

आई जवळ आली. माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “ठावं हुतं, तर मंग नवं लुगडं का नेसलीस बाय?”

मी सकाळीच न्हाले होते. नवं लुगडं नेसले होते, केसांत मोगरा माळला होता, ट्रंक भरून दाराशी आणून ठेवली होती. आणि दुपारी रस्त्यावर कुठं तरी मोटारीचा भोंगा वाजला, तेव्हा सगळ्यांच्या आधी उंबऱ्यात मीच जाऊन उभी राहिले होते.