पहिलं प्रॅक्टिकल आणि नऊशे ऐंशी

बारावीपर्यंत मी कॉलेज असं पाहिलंच नव्हतं. प्रवेश मानवतच्या एका कॉलेजात होता आणि बसत होते नीटच्या क्लासमध्ये. प्रॅक्टिकलची वही दुसऱ्या मुलीच्या वहीवरून उतरवलेली, लंबक फक्त चित्रात पाहिलेला. नीटचे मार्क आले ते कुठंच पुरणारे नव्हते, म्हणून परभणीला बी.एस्सी.ला नाव घातलं. वर्गात आल्यावर कळलं, बहुतेक सगळे माझ्यासारखेच होते. पहिल्या दिवशी कुणी कुणाला गाव विचारत नव्हतं. नीटला किती आले होते, तेच विचारत होतं.

फिजिक्स शिकवायला दोघं होते. एक सर, निवृत्तीला आलेले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. वर्गात यायचे, खुर्चीत बसायचे आणि कडा झिजलेल्या कागदांवरून नोट्स सांगायचे. सांगताना 'कॉमा', 'नवीन ओळ' हेसुद्धा मोठ्यानं म्हणायचे. कुणी शंका विचारली तर "ते परीक्षेला न्हाई" एवढंच उत्तर. मला ते सर पसंत पडले. वही भरत होती आणि डोक्याला ताण नव्हता.

दुसऱ्या होत्या मॅडम. सांगलीकडून नुकत्याच आलेल्या, तिशीच्या आतल्या. पहिल्या तासाला त्यांनी फळ्यावर काही लिहिलंच नाही. खडू हातातून सोडून दिला आणि विचारलं, "काय पाहिलंत?"

मागून एक पोरगा म्हणाला, "खडू मोडला."

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. "बरोबर," त्या म्हणाल्या. "का मोडला?"

तास संपला तेव्हा माझ्या वहीत तारखेशिवाय काही नव्हतं. शेजारी बसणारी सेलूची मैत्रीण हळूच म्हणाली, "ह्या बाईचा पोर्शन कवा संपायचा?" मलाही तेच वाटत होतं. शिवाय त्या आम्हाला 'तुम्ही' म्हणायच्या. शाळेत शिक्षकांनी 'ए पोरी'च्या पुढं कधी हाक मारली नव्हती, त्यामुळं सुरुवातीला मला ते टोमण्यासारखं लागलं.

दुसऱ्या आठवड्यात पहिलं प्रॅक्टिकल लागलं. साधा लंबक. दोऱ्याला टांगलेला धातूचा गोळा हलवायचा, वीस झोके व्हायला किती वेळ लागतो ते मोजायचं आणि त्यावरून गुरुत्वाचा आकडा काढायचा. तो सेंटिमीटरात नऊशे ऐंशीच्या आसपास यायला हवा, हे सगळ्यांना आधीच पाठ होतं. सेलूच्या मैत्रिणीनं तर गोळा न हलवता उलट्या बाजूनं गणित मांडलं आणि नऊशे एकोणऐंशी लिहिलं. "बरोब्बर नऊशे ऐंशी लिवलं की डाउट येतो," ती म्हणाली.

मी मोजत बसले, कारण लंबक पहिल्यांदाच हातात आला होता. मॅडम माझ्या टेबलापाशी आल्या.

"काय करताय?"

"मोजायले, मॅडम."

"मोजायला आलात ते दिसतंय. पण मोजताय का?"

मला प्रश्नच कळेना. मैत्रिणीनं खुलासा केला, "मॅडम, 'मोजायले' म्हंजे मोजतेय. आमी असंच म्हणतो."

"अस्सं," मॅडम म्हणाल्या आणि तो शब्द त्यांनी स्वतःशी एकदा म्हणून पाहिला. मग सगळ्यांकडं वळून उत्तरं विचारली. नऊशे एकोणऐंशी, नऊशे ऐंशी, नऊशे ब्याऐंशी. माझी पाळी आली. मी खाली बघून म्हणाले, "एक हजार चौऱ्याऐंशी."

सगळे हसले. सर तेव्हा दारात उभे होते. ते म्हणाले, "मॅडम, कशाला वेळ घालवता? नऊशे ऐंशी लिहू द्या. परीक्षेला तेच लागतं."

"सर, एवढं एकदा बघू द्या," मॅडम म्हणाल्या. मग मला, "पुन्हा करा. मोठ्यानं मोजा."

हसणं अजून थांबलं नव्हतं. गोळा एका बाजूला नेऊन सोडला, स्टॉपवॉचचं बटण दाबलं आणि म्हणाले, "एक."

"थांबा. एक झोका झाला का?"

"न्हाई."

"मग एक कसं?"

मी हातातल्या स्टॉपवॉचकडं पाहिलं. मग कळलं. बटण दाबताना शून्य म्हणायला हवं होतं. मी वीस म्हणत होते तेव्हा झोके एकोणीसच झालेले असायचे, म्हणून वेळ कमी भरायचा आणि आकडा मोठा यायचा.

पुन्हा सुरुवात केली. एवढ्यात सर आत आले, स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "ए पोरी, आधी पंखा बंद कर. वारा लागायलाय गोळ्याला." आम्हाला वाटलं चिडलेत. पण ते पुढं झुकून झोक्याकडं बघत होते. थोड्या वेळानं दोरा बोटानं धरून म्हणाले, "हुकापर्यंत मोजलीस का लांबी? गोळ्याच्या मध्यापर्यंत धर." पंखा बंद होता, सगळे घामाघूम झाले होते, तरी कुणी लावा म्हणालं नाही. सर ओठांतल्या ओठांत माझ्याबरोबर झोके मोजत होते.

उत्तर आलं नऊशे एकाहत्तर. मॅडमनी तेच लिहायला सांगितलं आणि खाली सही केली. सर म्हणाले, "चांगलं आलं," आणि उठून गेले.

सर आता बदलतील अशी माझी समजूत झाली होती. दुसऱ्या दिवशी ते आले, खुर्चीत बसले, म्हणाले, "लिहा," आणि जिथं थांबले होते तिथून पुढं सांगू लागले. मीही लिहून घेतलं. मैत्रिणीनं वर्षभर प्रत्येक प्रयोगाचं उत्तर आधी लिहिलं आणि तिला माझ्यापेक्षा चार मार्क जास्त पडले. तिला तसं वागण्याचं कारण होतं. परत नीट द्यायची होती आणि रात्रीचा वेळ तिकडं जायचा.

मॅडम दोन वर्षं राहिल्या, मग त्यांच्या गावाजवळच्या कॉलेजात गेल्या. जायच्या आदल्या आठवड्यात स्टाफरूमबाहेर भेटल्या तेव्हा मी विचारलं, "मॅडम, जायलात का?" त्या म्हणाल्या, "हो, जायले." उच्चार अजून सांगलीचाच होता. तिसऱ्या वर्षाला मी फिजिक्स ठेवलं. वर्गात आम्ही सहा जण होतो.