सलोतरीसाहेबांची बारीक दोरी

सलोतरीसाहेब आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा चहाचा कप हातात घेण्याआधी त्यांनी आमच्या पाळण्याची दोरी ओढून बघितली. पाळण्यात माझी थोरली मुलगी झोपली होती, पाळण्यात घालून फार दिवस झाले नव्हते. त्यांनी दोरी एकदा ओढली, पुन्हा ओढली, वर कडीकडे बघितलं आणि म्हणाले, "वहिनी, ही दिवाळीपर्यंत टिकंल. पुढचा भरोसा न्हाई." पहिल्याच भेटीत लेकराच्या पाळण्याबद्दल असं अभद्र बोलणारा माणूस मी पाहिला नव्हता. ते गेल्यावर मी मीठ-मोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या. दुसऱ्या दिवशी ह्यांना नवी दोरीही आणायला लावली, ती गोष्ट वेगळी.

निजामाच्या राज्यात गुरांच्या डॉक्टरला सलोतरी म्हणत. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. तिथल्या गुरांच्या दवाखान्यात हे कंपाउंडर होते आणि जहीरुद्दीनसाहेब सलोतरी. आमच्या दोन घरांच्या मध्ये एक कमरेएवढी भिंत होती. भिंतीच्या पलीकडे साहेब आणि त्यांची बायको रझियाआपा, अलीकडे आम्ही. एकाच्या घरात भांडं पडलं तर दुसऱ्याच्या घरात कळायचं.

साहेब काळजीखोर होते असं म्हणणं म्हणजे उन्हाळ्यात ऊन असतं असं म्हणण्यासारखं. बाज विणून आली की बसण्याआधी ओढून बघायचे. विहिरीवर गेले की पोहऱ्याची दोरी ओढायचे. बैलाला दावणीला बांधलं की दावं ओढायचे, मग वेसण, मग पुन्हा दावं. बैलाचा मालक म्हणायचा, "साहेब, माझा बैल गरीब हाय, काहून घाबरून राहिले?" साहेब म्हणायचे, "गरीब बैलच जास्ती तकलीफ देतो. आधी ओढून बघावं, मग भरोसा ठेवावा." हे त्यांचं पालुपद. कोणाच्या मुलीची सोयरीक निघाली, कोणी नोकरी बदलायची म्हटली, तरी उत्तर हेच. आणि दुसरं असं की, "घाई करू नका, तुटंल." काय तुटेल ते सांगायचे नाहीत. आमचे हे दवाखान्यातून आले की जेवताना त्यांची नक्कल करायचे आणि मी हसून हसून बेजार व्हायचे.

त्यांना मासे धरायचा नाद होता. शुक्रवारी सरकारी सुट्टी असे. नमाज झाली की मोठी वेळूची काठी आणि लाकडी चरखी घेऊन ते कयाधूच्या डोहावर जात. आपा मला म्हणायची, "मासे आणतात न्हाई आणतात, मला त्याचं काई न्हाई. नदीवर गेले की चार घटका गप बसतात. तेवढीच मला सुट्टी." ती बिचारी खरंच सांगत होती.

मग जवळा बाजारच्या गुरांच्या बाजारात एका खिल्लाऱ्या खोंडानं त्यांना शिंगावर घेतलं. जीव वाचला, पण उजवा खांदा कायमचा अधू झाला. वेळूची काठी उचलेना, जड चरखी फिरवता येईना. शुक्रवारी साहेब अंगणात बसू लागले आणि आपाची सुट्टी संपली. घराच्या भिंतींपासून माझ्या मुलीच्या दातांपर्यंत सगळ्यांची काळजी ते करू लागले.

कोणीतरी त्यांना सांगितलं की आता विलायतेहून हलक्या चरख्या येतात, मनगटानंच गळ फेकायचा, खांद्याचं काम नाही. मुंबईच्या एका दुकानाचं चित्रांचं पुस्तक त्यांनी मागवलं आणि आमच्या दोन्ही घरांचं सुख गेलं. भिंतीपाशी उभे राहून ते मलाच विचारायचे. मला शिवणकामातलं कळतं, मासेमारीतलं काय कळणार? शेवटी त्यांनी माझ्याच मशीनवरचं दोऱ्याचं रीळ उचललं. "हे बघा वहिनी. दोरा बाजूनं ओढला की रीळ फिरतं. फिरायला जोर लागतो. आता रीळ आडवं धरा, अन् टोकावरून ओढा. रीळ जागचं हालत न्हाई, दोरा आपोआप सुटून येतो. नवी चरखी अशी असते. शिशाची बारकी गोळी बी दोरी घेऊन दूर जाते." मला ते पटकन समजलं आणि मी म्हणाले, मग घ्या की. ते कपाळाला हात लावून म्हणाले, "हलकी घ्यावी तर मोडंल. जड घ्यावी तर खांदा राहणार न्हाई. कसं करावं?"

असं करता करता उन्हाळा गेला, पावसाळा गेला. दोनदा मागणी लिहिली आणि दोनदा फाडली. एके दिवशी आपानं भिंतीपलीकडून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "आता तुमी मागवता का मी मागवू?" तेव्हा कुठे त्यांच्या भाच्याबरोबर चरखी आली. एवढासा जीव, भरल्या वांग्याएवढा. बरोबर एक हलकी छडी आणि दोन रिळं. एकावर जाड दोरी आणि दुसऱ्यावर कोऱ्या रेशमाची बारीक, इतकी बारीक की उन्हात धरल्याशिवाय दिसेना.

साहेबांनी लिंबाच्या फांदीला ती दोरी बांधली आणि खाली वाण्याकडून मागून आणलेली वजनं लटकावली. अर्धा शेर, शेर, मग दीड शेर. प्रत्येक वजन लावताना डोळे मिटून घ्यायचे. दोरी तुटली नाही. तरी त्यांचं समाधान होईना. पुढे दर शुक्रवारी नदीवरून आले की सगळी दोरी सोडून दोन लिंबांच्या मध्ये वाळत घालायचे, कारण रेशीम ओलं राहिलं तर कुजतं. मी माझी धुणी कुठे वाळवायची ते कोणी विचारलं नाही.

आता आमच्या ह्यांचा पराक्रम सांगते. आपल्याकडे जी वस्तू जपायची तिला तेल लावायचं, हे लहानपणापासून हाडात मुरलेलं. मोटेच्या नाड्याला तेल, बैलाच्या शिंगांना तेल, जोड्यांना तेल. साहेब एकदा दौऱ्यावर गेलेले असताना ह्यांना वाटलं, ही बारीक दोरी बिचारी कोरडीच आहे, उन्हानं विरेल. त्यांनी रिळावरच्या दोरीला करडईचं तेल चोळलं. चांगलं मुरू दिलं आणि वर उन्हात ठेवलं.

पुढच्या शुक्रवारी साहेबांनी गळ फेकला आणि गोळी पायाशीच पडली. दोरी वेढ्यावेढ्यांनी चिकटून बसली होती. घरी येऊन त्यांनी ह्यांना बोलावलं. मला वाटलं, नोकरी गेली. साहेबांनी रिळावरची दोरी बोटानं ओढून बघितली आणि म्हणाले, "गणपतराव, तुमी मायेनं केलं. पण माया बी ओढून बघावी लागते." मग कात्री मागवून तेल लागलेली सगळी दोरी कापून टाकली. आतली कोरी राहिली ती जेमतेम निम्मी. नवी मागवायचं दोन महिने चाललं होतं, म्हणजे अर्थातच मागवली नव्हती.

त्याच वर्षी भाद्रपदात हे सकाळीच नदीपलीकडच्या तांड्यावर गेले. तिथल्या बैलांना खुरकूत झाली होती. दुपारी परत येताना बरोबर तांड्यावरचा लच्छमन होता, औषधाची पेटी घेऊन. सकाळी पाणी पोटरीएवढं होतं. आमच्याकडे आभाळ कोरडं, पण वर कुठेतरी ढग फुटला असावा. दोघं नदीच्या मध्यावर आले आणि वरून लोंढा आला. मध्ये खडकाचा एक उंचवटा आहे, त्यावर एक बाभूळ. दोघं त्यावर चढले. मला निरोप आला तेव्हा मी भाकरी थापत होते. काठवट तशीच टाकून, मुलगी आपाच्या मांडीवर देऊन मी धावत गेले.

काठावर गाव जमलं होतं. हे मला दिसत होते, बाभळीला धरून उभे. एक पट्टीचा पोहणारा भोई उतरला, लाकडाच्या ओंडक्याचा मार खाऊन परत आला. हातानं फेकलेला नाडा निम्म्या वाटेवरही जाईना. पाणी चढत होतं. उंचवट्यावरचा एक पांढरा धोंडा मघाशी दिसत होता, आता दिसत नव्हता.  

साहेब आले ते चरखी घेऊनच. गोळी बांधताना गाठ तीनदा सुटली, शेवटी ती दुसऱ्यानं बांधली. म्हणाले, "बारीक दोरी पोचली की तिला जाड बांधू, जाडीला सुतळी, सुतळीला मोटेचा नाडा." लोक ओरडले, "अवो साहेब, ही दोरी हाय का केस? आधीच जाड लावा." साहेब म्हणाले, "जाड पोचणार न्हाई." त्यांनी बारीक फेकली. कमी पडली. पुन्हा फेकली, पुन्हा कमी पडली. रिळावर दोरीच संपत होती. कापून टाकलेली निम्मी दोरी तिथल्या दोघांनाच ठाऊक होती, साहेबांना आणि मला.

मग त्यांनी दुसरा एक नाडा मागितला आणि स्वतःच्या कमरेला बांधला. त्यांना पोहता येत नव्हतं. नाड्याचं दुसरं टोक चार जणांच्या हातात दिलं. गाठ ओढून बघितली. कमरेपाशी ओढली, त्या चौघांपाशी जाऊन ओढली, पुन्हा येऊन कमरेपाशी ओढली. माझा नवरा समोर बुडत होता आणि हा माणूस गाठी ओढत होता. मला ओरडावंसं वाटलं की पुरे झालं, जा आता. ओरडले नाही, एवढंच.

साहेब पाण्यात उतरले. कमरेपर्यंत, छातीपर्यंत गेले. पाय घसरला, चौघांनी ताणून धरलं, पुन्हा उभे राहिले. तिथून त्यांनी मनगटानं छडी हलवली. गोळी बाभळीच्या पलीकडे गेली आणि दोरी फांदीवर पडली. ह्यांनी ती धरली. काठावर आरडाओरडा झाला, आणि त्या गोंगाटात साहेबांचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला, "गणपतराव, घाई करू नका, तुटंल."

ज्या वाक्याची हे रोज नक्कल करायचे ते वाक्य. ह्यांनी घाई केली नाही. पाणी पोटऱ्यांना लागलं होतं आणि तो माणूस वीत-वीत दोरी ओढत होता. प्रवाह जोर करू लागला की थांबायचे, सैल पडली की ओढायचे. बारीक गेली, जाड गेली, सुतळी गेली. नाडा हातात आल्यावर ह्यांनी तो बाभळीच्या बुंध्याला बांधला, आणि पाण्यात पाय टाकण्याआधी खसकन ओढून बघितला. आधी लच्छमन आला, मागून हे.

साहेब चिखलात बसून ओकत होते. मी त्यांच्यासाठी पाणी आणलं. मी विचारलं, "साहेब, एवढ्या बारीक दोरीवर तुम्ही भरवसा कसा ठेवला?" ते म्हणाले, "भरोसा कुठं होता, वहिनी? जाड पोचणारच नव्हती. बारीक तुटंल का न्हाई, ते ठाऊक नव्हतं. ठाऊक नव्हतं म्हणून ती घेतली." एवढं बोलून ते रडायला लागले. ती भीती इतका वेळ त्यांनी कुठे ठेवली होती कोण जाणे. त्या दिवसापासून आमच्या घरात त्यांची नक्कल बंद झाली.

मग अठ्ठेचाळीस साल आलं. त्या वर्षी कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं. आधी एका बाजूची माणसं घाबरलेली होती, भाद्रपदात राज्य बदललं आणि दुसऱ्या बाजूची घाबरली. खेड्यांवरून ज्या बातम्या येत त्या हे मला पूर्ण सांगत नसत. साहेबांनी हैदराबादला भावाकडे जायचं ठरवलं. आश्चर्य म्हणजे एका दिवसात ठरवलं. हे म्हणाले, थांबा, मी आहे, गावातले चार लोक आहेत.  आपा सामान बांधत राहिली.

सकाळच्या गाडीनं ते निघाले. मी दशम्या बांधून दिल्या. आपा माझ्या गळ्यात पडली. साहेब भिंतीपाशी उभे होते. कुलूप लावलेल्या दाराकडे त्यांनी वळून बघितलं नाही, बिस्तऱ्याच्या दोरीला हात लावला नाही. माझ्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "काळजी करू नका, वहिनी. सगळं ठीक हुईल."

इतक्या वर्षांत त्या माणसाच्या तोंडून हे शब्द मी ऐकले नव्हते. ते ऐकून मी जी घाबरले, तशी पुराच्या दिवशीही घाबरले नव्हते.

ह्यांनी त्यांना स्टेशनवर पोचवलं, गाडीत बसवलं, पूर्णेच्या दिशेनं गाडी गेलेली बघितली. पोचल्याची खबर आली नाही. ह्यांनी पत्रं टाकली, पुढे दोनदा हैदराबादला जाऊन आले. भावाचा तो पत्ता सापडला, तिथे दुसरीच माणसं राहत होती. नवा सलोतरी आला, त्याला लोक डॉक्टर म्हणू लागले.

आता हेही नाहीत. मुलगी म्हणते, आई, साहेब असले तरी शंभरीचे असतील, आता तरी सोड. पण हैदराबादचं कोणी भेटलं की माझ्या तोंडून विचारलं जातंच. त्या माणसानं जन्मभर सगळ्या गावाची काळजी केली. त्यांची करायला मी एकटी उरले आहे, मी कशी सोडू?