भिंतीकडचा कोपरा

डोंबिवलीशेजारी कोपरला आमच्या मैदानावर कबड्डीतल्या जागांना पुस्तकातली नावं नाहीत. मैदानाच्या एका अंगाला सोसायटीची भिंत आहे, दुसऱ्या अंगाला पाण्याचा पंप, आणि समोर आम्ही बसतो तो कट्टा. कट्ट्याकडे तोंड करून बचावाला सात जणी उभ्या राहिल्या की एका टोकाची भिंतीकडचा कोपरा धरते, दुसऱ्या टोकाची पंपाकडचा. मंडळातल्या सगळ्या पोरी याच भाषेत वाढल्यात.

भिंतीकडचा कोपरा आमच्या चाळीतल्या एका पोरीचा. माझ्या घरापासून दोन दारं सोडून राहते, मला दादा म्हणते, मानपाड्याला एका कंपनीत पॅकिंगला जाते. चढाईला आलेल्या रेडरचा घोटा तिच्या हातात आला की सुटत नाही. "हाताला डिंक लावून येतेस काय गं?" असं एका मॅचमध्ये समोरच्या कॅप्टनने वैतागून विचारलेलं.

आमच्या जिल्ह्यात महिला कबड्डीची लीग आहे. नव्या खेळाडू घ्यायची तिची पद्धत साधी आहे. अर्ज केलेल्या पोरींची, बाहेरच्या जिल्ह्यांतल्याही, एक यादी निघते आणि सगळ्या टीम आळीपाळीने त्यातून एकेक नाव उचलतात. अशा पाच फेऱ्या. यंदा पहिल्या तीन फेऱ्या एका रविवारी झाल्या आणि उरलेल्या दोन पुढच्या रविवारी, ठाण्याच्या मैदानावर, खुल्या चाचणीनंतर व्हायच्या होत्या. भिंतीकडच्या आमच्या पोरीने अर्ज भरलेला. यादीला वयाची अट आहे आणि तिचं हे शेवटचं वर्ष होतं. पाचव्या फेरीपर्यंत नाव निघालं नाही तर संपलं.

आमची टीम म्हणजे ठाण्याची. लीग सुरू झाल्यापासून आम्ही तिघं या टीमच्या पाठीशी आहोत. मी, माझा रिक्षावाला मित्र, आणि ठाण्याच्या कोपरीहून दर रविवारी सकाळी आमच्या कट्ट्यावर येणारे एक काका. काका शाळेतून निवृत्त झालेले, वहीत गुण मांडून ठेवणारे. तिघांपैकी एकानेही कधी कबड्डी खेळलेली नाही. मत मात्र तिघांना आहे.

तीन फेऱ्यांत आमच्या टीमने काय उचललं? पहिल्या फेरीत सांगलीची रेडर. दुसऱ्या फेरीत रत्नागिरीची, डावा कोपरा धरणारी. तिसऱ्या फेरीत पुन्हा रेडर.

"तीनमध्ये दोन रेडर?" मित्र कट्ट्यावर चहाचा ग्लास आपटत म्हणाला. "अरे भाई, लग्नाच्या पंगतीत नुसती जिलेबी वाढणार का? भात कोण वाढणार?"

काका शांतपणे म्हणाले, "चांगला चढाईपटू दुर्मिळ असतो. बचाव शिकवता येतो. दम आणि पायातला वेग शिकवता येत नाही. पहिल्या फेरीत जे दुर्मिळ आहे तेच उचलायचं, हे धोरण योग्य आहे."

"काका, गेल्या वर्षी आपण हरलो ते बचावामुळे. तुमच्याच वहीत आहे."

"वहीत हेही आहे की आपल्या रेडर अर्धा वेळ बाहेर बसलेल्या होत्या."

मला रेडरचं काही नव्हतं. माझं डोकं फिरलेलं दुसऱ्या फेरीवरून. "कोपरा हवा होता ना? मग घरात डावा कोपरा असताना रत्नागिरीहून आणायची गरज काय? ठाण्याची टीम, ठाण्याचं मैदान, आणि कोपरा बाहेरचा?"

काकांनी चष्मा काढला. "बाहेरचा म्हणजे? माझं गाव राजापूर. तुझे आजोबा कुठून आले डोंबिवलीत?"

"तो वेगळा मुद्दा आहे."

"कणकवली," मित्राने लगेच सांगून टाकलं. "गणपतीला मीच सोडतो ह्याला बसस्टॉपवर."

कट्ट्याशेजारी चहाची टपरी चालवणाऱ्या वहिनी इथल्या मूळ गावच्या. त्या हसायला लागल्या. "मंग तुमी समदेच बाहेरचे. आमी काय बोललो का कधी?"

मी विषय सोडला आणि पत्रक काढायला घेतलं.

माझा हा स्वभावच आहे आणि मला त्याची लाज नाही. स्टेशनच्या पुलावर दिवे नव्हते तेव्हा पत्रक काढलं, दिवे लागले. आमच्या भागाला दिवसाआड पाणी येत होतं तेव्हा काढलं, निदान अधिकारी येऊन उभा राहून बोलला तरी. लेखी आणि ठळक अक्षरात विचारल्याशिवाय या गावात कुणी कुणाला उत्तर देत नाही, हे मी वीस वर्षांचा होतो तेव्हाच शिकलो. पत्रकाला मथळा लागतो. मथळा लहान असावा आणि टोचावा. हाही त्याच वेळचा धडा.

मथळा मला उभ्याउभ्याच सुचला. "डावा कोपरा डावलला!" मी तो दोनदा मोठ्याने म्हणून पाहिला. मित्र म्हणाला, "कडक!" काका म्हणाले, "अनुप्रास चांगला आहे." खाली मी लिहिलं की कोपरच्या मैदानावर जिल्ह्यातला सर्वात भक्कम डावा कोपरा रोज सरावाला उभा असतो, तो बघायला निवड समितीतलं कुणी आजवर आलेलं नाही, आणि स्थानिक पोरींनी फक्त टाळ्या वाजवायला यायचं का? नाव घातलं नाही. तिला विचारलंही नाही. पाण्याचं पत्रक काढताना मी पाण्याला विचारलेलं नव्हतं, अशी काहीतरी माझी समजूत असावी.

झेरॉक्सवाल्याकडून गठ्ठा आणला. मित्राने गुरुवारी चाचणीच्या मैदानावर, नाक्यावर, लीगच्या ऑफिसबाहेर वाटला आणि फोटो चार ग्रुपवर टाकला. शुक्रवारी कुणीतरी सांगितलं की ठाण्याच्या कोचनेही वाचलंय. मला बरं वाटलं. काम झालं, असं वाटलं.

रविवारी आम्ही तिघंही ठाण्याला गेलेलो. मॅट टाकलेली होती, कडेला टीमवाल्यांची टेबलं. आम्ही बाजूच्या पायऱ्यांवर बसलो. ती पोरींमध्ये उभी होती, केस घट्ट बांधलेले, आमच्याकडे बघून जरा हसली. पत्रकाचं तिला तोवर काहीच माहीत नव्हतं. कंपनीत आठवडाभर जादा काम होतं आणि ग्रुप ती वाचत नाही.

आमच्या कोचने तिचा अर्ज बघितला. अर्जावर जागेच्या रकान्यात तिने नुसतं "कोपरा" लिहिलेलं, कारण छापील रकान्यात चढाई, मध्य आणि कोपरा एवढंच होतं. कोच म्हणाले, "कोपरची तू? त्या पत्रकातली? जा, डावीकडे उभी राहा."

ती जरा थांबली. मग जाऊन डावीकडे उभी राहिली.

पहिली रेडर आली. ही वाकली, हात पुढे गेला आणि रिकामा परत आला. दुसरी आली, तिने बोनसचा गुण घेतला आणि निघून गेली. तिसरीला हिने धरलं, पण पाय उलटा पडला आणि दोघी मॅटबाहेर. मला कळेना. रोज बघतो ती ही पोर नव्हती. घरातली भांडी कुणीतरी दुसऱ्या फडताळात लावून ठेवावीत आणि बाईला अंधारात चमचा सापडू नये, तशी ती चाचपडत होती.

"आज काय झालंय हिला?" मी म्हणालो.

"टेन्शन," मित्र म्हणाला.

काका मॅटकडे बघत होते. मग त्यांनी वही उघडली, कोरं पान काढलं आणि त्यावर चौकोन आखला. एका बाजूला "भिंत" लिहिलं, दुसऱ्या बाजूला "पंप". मग एका टोकाला "कट्टा" लिहिलं आणि पेन तिथेच ठेवलं.

"आपण कुठे बसतो?" त्यांनी मला विचारलं.

"कट्ट्यावर."

"म्हणजे मुलींच्या समोर. भिंत आपल्या कुठल्या हाताला?"

"डाव्या."

"आणि तिच्या?"

मित्राने स्वतःचे दोन्ही हात वर करून बघितले, वळून पायऱ्यांकडे तोंड करून पुन्हा बघितले, आणि म्हणाला, "आईशप्पथ. उजवा आहे रे."

कोपरे खेळणाऱ्याच्या हाताने मोजतात, बघणाऱ्याच्या नाही, हे दहा वर्षांच्या पोरीलाही माहीत असतं. आम्ही इतकी वर्षं बघत होतो आणि आम्हाला माहीत नव्हतं, कारण भिंतीकडचा म्हटलं की आमचं भागत होतं. मी तो शब्द पत्रकासाठी शुद्ध करायला गेलो आणि माझ्या बसायच्या जागेवरून शुद्ध केला. म्हणजे रत्नागिरीची पोर हिच्या जागेवर आलेलीच नव्हती. आमच्या टीमने डावा भरला होता आणि उजवा रिकामा ठेवला होता. मी ज्याला अन्याय म्हणून ठळक अक्षरात छापलं, ती तिच्यासाठी मोकळी ठेवलेली जागा असू शकत होती.

मी उठलो. काकांनी बाही धरली. "तू जाऊ नकोस. आता अजून एक पत्रक नको."

तेवढ्यात तीच बोलली. चाचणीत पोरींनी तोंड उघडायचं नसतं, त्यामुळे बोलायला तिला तेवढा वेळ लागला असणार. "सर, मी उजवी आहे."

"पत्रकात तर डावी लिहिलंय."

"कुठलं पत्रक?"

कोचने टेबलावरचा कागद तिच्या हातात दिला. तिने मथळा वाचला. मग सरळ पायऱ्यांवर माझ्याकडे बघितलं. तिने रागावून बघितलं असतं तर मला चाललं असतं. तिने हिशेब लागल्यासारखं बघितलं, आणि कागद कोचना परत दिला.

"हा लिहिणारा माझा शेजारी आहे, सर. तो समोर बसतो."

टेबलावरचे सगळे हसले. कोचही हसले, पण घड्याळही बघितलं. "चार मिनिटं आहेत. जा उजवीकडे."

त्या चार मिनिटांत दोन रेडर आल्या. पहिलीचा घोटा तिने इतका सहज धरला की त्या पोरीला आपण पडलो हे पडल्यावर कळलं. दुसरीला तिने मध्यापर्यंत येऊ दिलं, बोनसच्या रेषेला पाय टेकू दिला, आणि मग मागून मांडी धरली. शिट्टी वाजली. वेळ संपली.

चौथी फेरी. आमच्या कोचने टेबलावर थोडी कुजबूज केली आणि भिवंडीकडच्या एका पोरीचं नाव घेतलं. उजवा कोपरा. चाचणीत ती पोर पहिल्यापासून उजवीकडेच उभी होती आणि तिने चांगलं खेळून दाखवलेलं. ते चूक होतं असं मी म्हणू शकत नाही. त्यांनी अख्खी चाचणी बघितलेली खेळाडू घेतली. आमची पोर त्यांनी चार मिनिटं बघितली, आणि बाकीचा वेळ माझं पत्रक बघितलं.

"पाचवी फेरी आहे अजून," मित्र म्हणाला.

पाचव्या फेरीत आमच्या टीमने तिसरी रेडर घेतली. मित्राने तोंड उघडलं आणि काकांकडे बघून मिटलं. काकाही म्हणाले नाहीत की हे धोरण योग्य आहे.

शेवटची पाळी कल्याणची होती. कल्याणची टीम म्हणजे जिला आम्ही तिघांनी लीग सुरू झाल्यापासून मनसोक्त शिव्या दिल्यात. त्यांच्या कोच एक बाई आहेत. त्या दिवसभर कुणाशी फार बोलल्या नव्हत्या, आणि पत्रक त्यांच्या टेबलावर पोहोचलंच नव्हतं, कारण मित्राने ते तिकडे मुद्दाम दिलेलं नव्हतं. त्यांनी यादीवर बोट ठेवलं आणि तिचं नाव वाचलं. "उजवा कोपरा," असं पुढे म्हणाल्या.

आम्ही टाळ्या वाजवल्या. कल्याणसाठी आम्ही तिघांनी वाजवलेल्या त्या पहिल्या टाळ्या.

ती खाली उतरून आमच्याकडे आली. मी म्हणालो, "चुकलं माझं."

"हो," ती म्हणाली. "पुढच्या वेळी माझ्याबद्दल लिहायचं असेल तर आधी मला विचार, दादा."

"विचारीन."

"आणि आता कुणाकडून बसणार तुम्ही तिघं?"

मित्र डोकं खाजवत म्हणाला, "ठाण्याकडून. म्हणजे, तू खेळत नसशील तेव्हा."

"मी सगळ्या मॅच खेळणार आहे."

काका हसले. तिने फोन लावला आणि आईला सांगितलं की नाव लागलं. पलीकडून आईने काहीतरी विचारलं. "कल्याण," ती म्हणाली. आमच्या चाळीत सगळे ठाणेवाले आहेत. मग आईचा आवाज फोनमधून आम्हाला सगळ्यांना ऐकू आला.

"बरं. सराव सकाळचा आहे की संध्याकाळचा, ते विचारून ये. डबा त्या हिशेबाने करते."

ती वळली आणि कल्याणच्या टेबलाकडे विचारायला गेली.