मोगऱ्याला फुटलेला कोंब

आज सकाळी मोगऱ्याच्या बोडक्या काडीवर तांदळाएवढा हिरवा कोंब दिसला आणि मी सत्तरीत टुणकन उडी मारली! सूनबाईने माहेराहून आणलेलं हे झाड मी पंधरा दिवसांपूर्वी निम्मं छाटलं, तेव्हापासून ती माझ्याशी मोजकंच बोलत होती. तिच्या वयात मीही कुणाला पान तोडू देत नसे. दिवसातून तीनदा पाणी पाजायची. फूल एक नाही, तरी बावळट ऐटीत पाहुण्यांना पानं दाखवायची! थोडं कापलं, थोडं तहानलेलं ठेवलं, की झाड फुलायच्या मागे लागतं. माणसांचंही असंच असावं. प्रयोग मात्र मी फक्त नवऱ्यावर केला.

"आई, फुटलाय हो!" सूनबाई ओरडली आणि कात्री घेऊन थेट कळ्यांनी लगडलेल्या जास्वंदीकडे धावली. तिच्यामागे मी!